वेंडेलचा उजवा पाय

अर्ल लूमिसचा पहिला ठोसा माझ्या नवऱ्याच्या जबड्यावर बसला, तेव्हा मी व्हॅनच्या मागच्या दारात बसून त्याच्या सोललेल्या कोपरासाठी पट्टी फाडत होते. वेंडेल मागे धडपडला आणि टायरांच्या ढिगावर आदळला. ट्रॅकवर तिसऱ्या वळणाची धूळ अजून बसली नव्हती. रुग्णवाहिकेचं दार नुकतंच लागलं होतं आणि आत अर्लचा मुलगा ब्रॅडी होता. त्याची मांडी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती.

"माझ्या पोराच्या पुढ्यात चाक लॉक केलंस?" अर्ल म्हणाला. "इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो आपण, हरामखोरा."

वेंडेलने रक्त थुंकलं. "केलं," तो म्हणाला. "मुद्दाम केलं."

हातातली पट्टी टाकून मी उठले. माझा नवरा धडधडीत खोटं बोलत होता आणि हे तिथे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. गप्प बस, असं ते पाहणं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं कळतं.

आमच्या शर्यतीच्या मोटरसायकलींना पुढचा ब्रेक ठेवतच नाहीत. मातीच्या ट्रॅकवर नव्वद मैलांच्या वेगात पुढचं चाक अडलं तर माणूस हँडलवरून पार जातो आणि मग त्याचे दात मातीत शोधावे लागतात. ब्रेक एकच, मागचा, उजव्या पायाखाली. वळण आलं की गाडी आडवी टाकायची, पोलादी तळवा बांधलेला डावा बूट मातीवर घासत ठेवायचा आणि उजव्या पायाने ब्रेक चाचपायचा. दाबायचा नाही, चाचपायचा. चाक मंदावलं पाहिजे, पण फिरत राहिलं पाहिजे. ते थांबलं की गाडी भलतीकडेच फिरते आणि शेजारचा, मागचा, सगळे तुमच्यावर येऊन पडतात. म्हणून दुसऱ्याच्या पुढ्यात चाक लॉक करणं यासारखा नीचपणा आमच्यात दुसरा नाही. असं करणाऱ्याला हाडं मोडेपर्यंत मारतात, आणि पंच तेवढा वेळ दुसरीकडे बघतात.

आणि हा ब्रेक शिकवावा तर वेंडेलनेच. शिकणाऱ्याला उभ्या गाडीवर बसवायचा, पेडल आणि बूट यांच्या मध्ये स्वतःची बोटं घालायचा आणि म्हणायचा, "दाब. मी ओरडलो की समज, तू वळणात मेलास." इलिनॉयच्या आमच्या भागातली निम्मी पोरं त्याच्या बोटांवर शिकली. ब्रॅडीही. ब्रॅडीच्या पायी तर वेंडेलची दोन नखं गेली, आणि ती काळी नखं तो एलिव्हेटरवर, म्हणजे जिथे तो धान्याच्या कोठारांचं वेल्डिंग करतो तिथे, सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरला होता.

मग गेल्या जानेवारीत तो शेडमधून घरात आला आणि माझ्या स्वयंपाकघरभर रक्ताचे ठसे उठले. बुटाच्या तळातून खिळा सरळ उजव्या पायात घुसला होता आणि हा गडी फ्रिजमध्ये डोकं घालून चीज शोधत होता. साखरेचा आजार जुनाच. डॉक्टर म्हणाली, घोट्याखालच्या नसा गेल्या, त्या आता परत यायच्या नाहीत.

"गाडी विकून टाक," मी म्हटलं.

"कान शाबूत आहेत ना माझे?" तो म्हणाला. "चाक मंदावलं की इंजिनाचा आवाज उतरतो. कानानेच लावीन ब्रेक."

"मग नाकाने जेवत जा."

"नोरीन, हे कुणाला बोललीस तर बघ. लोकांनी माझी कीव केलेली मला चालायची नाही. मारलेलं चालेल."

आणि मेल्याने खरंच कानाने ब्रेक लावला. वसंतात दोन शर्यती जिंकल्या. माझं तोंड आपोआप बंद झालं. पण आज, जत्रेच्या शर्यतीत, ब्रॅडी आतल्या बाजूने त्याला इतका खेटून वळणात शिरला की दोन इंजिनं एकाच कानात किंचाळत होती. वेंडेलला स्वतःचं इंजिन ऐकूच आलं नसणार. मी कुंपणाला टेकून बघत होते. त्याचं मागचं चाक थांबलेलं मला दिसलं, गाडी गर्रकन ब्रॅडीच्या पुढ्यात फिरलेली दिसली, आणि ब्रॅडी तिच्यावर आदळून हवेत गेला तो थेट फळ्यांच्या कठड्यावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

गेल्याच रविवारच्या शर्यतीत ब्रॅडीने वेंडेलला कडेच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांत ढकललं होतं आणि वेंडेल कॉर्नडॉग खाता खाता चारचौघांत म्हणाला होता, "पुढच्या खेपेला तुला बापाच्या मांडीवर निजवून पाठवतो, बेट्या." तेव्हा सगळे हसले होते. आज त्यातला एकही हसत नव्हता.

अर्लने दुसरा ठोसा मारला तो बरगड्यांत. मग वेंडेलनेही हात उचलला, आणि हात त्याचा वेल्डरचा. अर्लचा पुढचा दात तुटून शर्टावर पडलेला मी पाहिला. तेवढ्यात अर्लचा मेहुणा डॉयल मागून आला आणि त्याने वेंडेलचे दोन्ही दंड धरले. अर्ल पोटात मारत सुटला.

"धर नीट," अर्ल म्हणत होता. "हलू देऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. जॅकचा दांडा उचलला आणि डॉयलच्या मनगटावर घातला. कडकन वाजलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉयल मनगट पोटाशी धरून खाली बसला आणि मला शिव्या देऊ लागला.

"म्हातारे, हात मोडलास माझा."

"अजून एक शिल्लक आहे ना? तोंड चालव, तोही मोडते."

पण दोघातिघांनी मला धरलं आणि दांडा हिसकावला. वेंडेल तोपर्यंत ट्रेलरच्या चाकाला टेकून खाली घसरला होता. एक डोळा मिटलेला, पाय पुढे पसरलेले. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. त्याचा पाय मेलाय, एवढंच. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण उरलेल्या एका डोळ्याने तो माझ्यावर पहारा ठेवून होता. मी ओठ चावला. त्याचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

ब्रॅडीला रुग्णवाहिकेत घालताना त्याचा बूट कापून काढला होता. त्या बुटाचा पोलादी तळवा अर्लच्या खिशात होता. तो त्याने बाहेर काढला. अडीच-तीन पौंडांचं पोलाद, मातीवर घासून घासून कडेला सुरीसारखं झालेलं.

"कुठल्या पायाने दाबलास?" अर्लने विचारलं.

वेंडेल माझ्यावरची नजर काढेना.

"ह्यानेच ना?" अर्ल गुडघ्यावर बसला, त्याने तळवा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि वेंडेलच्या उजव्या पायावर हाणला. आत हाडं फुटल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मला धरणाऱ्या माणसाचे हातसुद्धा ढिले पडले.

वेंडेल जागचा हलला नाही. त्याचं लक्षच नव्हतं तिकडे. तो आपला माझ्याकडे बघत होता.

अर्लने दुसऱ्यांदा हाणला. बुटाचं कातडं फाटलं आणि रक्त आलं. तिसऱ्यांदा त्याने हात वर नेला आणि तिथेच थांबला. तो पायाकडे बघायचा, मग वेंडेलच्या तोंडाकडे, पुन्हा पायाकडे. वेंडेलने ओरडायला पाहिजे होतं. त्याच्या ते ध्यानात आलं, पण उशिरा. त्याने तोंड वाकडं करून कण्हल्यासारखं केलं. आमच्या जत्रेतल्या नाटकात सुद्धा पोरं याहून बरं सोंग आणतात.

"वेंडेल," अर्ल हळू आवाजात म्हणाला. "कधीपासून?"

"मार ना. थांबलास कशाला?"

"मी विचारतोय, कधीपासून?"

"मार म्हणतो ना तुला. तुझ्या पोराचा पाय मोडलाय मी. मार."

अर्लने पोलाद खाली टाकलं. तुटलेल्या दातातून त्याच्या हनुवटीवर रक्त ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "असा पाय घेऊन माझ्या पोराच्या बाजूला शिरलास वळणात," तो म्हणाला. "मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं रे. मारता तरी आलं असतं तुला."

मग तो वेंडेलच्या शेजारीच मातीत बसला. डॉयलनेही शिव्या थांबवल्या. जमलेले लोक एकेक करून खाली बघू लागले. वेंडेलला जे नको होतं ते नेमकं त्याच्याभोवती जमा झालं होतं.

आता पंच आला, सगळं आटोपल्यावर यायची त्यांची पद्धतच आहे. "काय झालं होतं वळणात?" त्याने विचारलं.

"ब्रेक अडकला गाडीचा," अर्ल म्हणाला. "त्याची चूक नाही. पेडलच परत आलं नाही."

अर्ल लूमिस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्यासाठी खोटं बोलला. मी देवाचे आभार मानले. पंच मान हलवून वळला सुद्धा.

"पेडलला काही झालेलं नाही," वेंडेल म्हणाला.

"गप ना गाढवा," अर्ल म्हणाला.

"काल मी स्वतः बसवलंय ते. करंगळी ठेव, परत येतं." वेंडेलने पंचाकडे वर पाहिलं. "ब्रेक ठीक आहे. माझा पाय गेलाय."

पंचाने उगाच माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याला डाफरले, "बघतोस काय, दुसरी गाडी मागव. का पाठीवर नेऊ मी ह्याला?"

तालुक्याच्या इस्पितळात अपघाताच्या खाटा दोनच मोकळ्या होत्या. पलीकडच्या खाटेवर ब्रॅडी होता, मध्ये नुसता पडदा. ते त्याची मांडी ओढून सरळ करत होते आणि तो ओरडत होता. असं ओरडणं मी गोठ्यातसुद्धा ऐकलेलं नाही. आईला हाका मारत होता, डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरत होता, आणि श्वास घेऊन पुन्हा ओरडत होता. अर्ल पडद्याच्या फटीत उभा होता, अर्धा तिकडे, अर्धा इकडे.

अलीकडे एका नर्सने वेंडेलचा बूट कापला. आत बघून तिचा चेहरा उतरला. पाय कसला, लगदा झाला होता. डॉक्टर तुटलेलं हाड बोटांनी चाचपत होता आणि वेंडेल छताकडे बघत पडला होता. ब्रॅडीची किंकाळी आली की तेवढ्यापुरता तो डोळे मिटायचा.

मी त्याचा हात धरला. दिवसभराचा राग अजून गेला नव्हता, पण हात धरला.

नर्सने कागद पुढे ओढला. प्रत्येकाला विचारतात तेच तिने त्यालाही विचारलं. "दुखणं किती आहे, सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे सहन होत नाही असं."

पडद्याच्या पलीकडे ब्रॅडी पुन्हा ओरडला. वेंडेल ते संपेपर्यंत थांबला.

"दहा," तो म्हणाला.

नर्सने एकदा त्या पायाकडे पाहिलं, जो हलतसुद्धा नव्हता, आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, "तो सांगतोय ते लिही."