दुपारचं ग्रीक

दुपारी आमचं गाव झोपतं. दुकानं मिटतात, कुत्री सावलीला आडवी होतात, गायीसुद्धा रवंथ करायच्या थांबतात. त्या वेळात मी ग्रीक शिकले.

सकाळभर आईबरोबर चीज करायचं आणि हाताला दुधाचा आंबूस वास घेऊनच निलगिरीखाली जायचं. तिथे म्हातारे पाद्री लेवी बारिदोन वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे, हातात यर्बाच्या कडू चहाचा तुंबा, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. मला त्यांच्यासारखं पाद्री व्हायचं होतं. पण नदीपलीकडे ब्युनोस आयर्सच्या धर्मविद्यालयात ग्रीक आल्याशिवाय दारात उभं करत नाहीत, आणि मला ते येतं की नाही हे पाद्रीबाबाच कळवणार होते.

"छत्तिसाव्या वर्षी मुळाक्षरं!" आई म्हणायची. "इल्दा, तुझ्या बरोबरीच्यांची पोरंही गिरवून मोकळी झाली."

"त्यांना ग्रीक कुठे येतं?"

"तुला तरी कुठे येतंय?"

हे झोंबायचं, कारण खरं होतं.

पाद्रीबाबांची नजर गेली होती. मी ग्रीक बायबल मोठ्याने वाचायचे, चूक झाली की ते थर्मासवर बोट वाजवायचे. टक्. ओळीगणिक टक्. त्या थर्मासचा मला मनस्वी राग यायचा. पण मधूनच एखादं वाक्य आपोआप उलगडायचं आणि ऊन, पानं, किड्यांची किरकिर सगळं लांब जायचं. त्या पानांतला कधीकाळचा कुणी कोळी शेजारी बसून हळू आवाजात बोलतोय असं वाटायचं. तेवढ्यासाठी मी सगळं सोसलं.

जानेवारीच्या भर उन्हाळ्यातल्या त्या दुपारी शेवटचं वाचन होतं. संध्याकाळी ते कळवणार होते. पान वादळातल्या होडीचं. वारा सुटला, होडीत पाणी शिरलं, माणसं घाबरून ओरडू लागली. वर निलगिरी सळसळत होती आणि मला खरंच पायाखाली फळ्या हलल्यासारख्या वाटल्या. मग वारा पडला, पाणी निवलं, पान संपलं. एकही टक् नाही!

मी हरखून वर पाहिलं. पाद्रीबाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

माझं अवसानच गळालं. एवढं वाचलं, ते ऐकलं कुणी? उठवावंसं वाटलं, पण हात होईना. त्यांच्या हातातला कलंडणारा तुंबा काढून घेतला आणि मुकाट रडत बसले.

गावात दारं वाजू लागली तेव्हा ते जागे झाले.

"संपलं?"

"केव्हाच. तुम्ही झोपला होतात." माझा आवाज चढला. "आता काय कळवणार? थांबा, परत वाचते."

"नको."

"अहो, मग चुका कोण काढणार?"

"पोरी, वाईट ग्रीक कानावर पडलं की माझा डोळा लागत नाही. वर्षभर तुझ्यापायी एक दुपार धड झोपलो नाही." त्यांनी मोठी जांभई दिली. "आज पाणी शिरलं तिथवर ऐकलं, मग कधी झोप लागली कळलंच नाही. जा, बॅग भर. आणि पाय वाजवू नकोस, माझी अजून झाली नाहीये."