गुरुवारपर्यंत भिंत

बुरशी काळी असते असं लोकांना वाटतं. आमच्या झोपायच्या खोलीतली आधी करडी येते, मग हिरवट होते, आणि मधोमध तिला ओलसर लव फुटते. वासाबद्दल लिहीत नाही. ग्लासगोच्या या बाजूला निम्म्या घरांना तो पाठ आहे.

त्याच भिंतीला लागून माझ्या मिरेनची खाट. चार वर्षांची आहे, दमेकरी. हे घर भाड्यानं देणाऱ्या गृहसंस्थेला पत्रांवर पत्रं लिहिली, तेव्हा त्यांच्याकडून एक रंगीत पत्रक आलं: कपडे घरात वाळवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. श्वाससुद्धा बेतानं सोडा, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

शेवटी सेंगा डॉकर्टी येणार असं ठरलं. पलीकडच्याच इमारतीतली ही बाई पूर्वी शाळेत जेवण वाढायची. आता दवाखान्यानं तिला शिकवून घरोघर पाठवलंय, दमेकरी मुलांच्या आयांना दम्याच्या औषधाचा पंप कसा द्यायचा ते दाखवायला. तिनं भिंतीच्या फोटोंसह अहवाल दिला, तरच आम्हाला कोरडं घर मिळण्याची आशा होती.

गुरुवारी दहाला ती येणार होती. आठलाच माझ्या सासूबाई, नेटा, हजर.

"दवाखान्याची बाई येणार, आणि ही अशी भिंत? आई गचाळ आहे म्हणून लिहून नेईल ती. मग सरकारी माणसं पोरही काढून नेतात, ठाऊक आहे ना?"

मी शिकलेली, दम्यावरचं सगळं वाचलेली. तरी ब्लीचची बाटली मीच उघडली. आम्ही दोघींनी दहा वाजत येईपर्यंत घासलं. फडक्यावर बुळबुळीत करडा थर यायचा, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा. भिंत पांढरी झाली.

"आता कशी माणसांची खोली वाटते," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मिरेन खोकली. मग खोकला थांबून छातीतून शिट्टी वाजू लागली. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती.

तोवर सेंगा आली. ब्लीचच्या वासानं तिनं दारातच नाक आक्रसलं. "जिन्यात आण तिला. आधी बाहेर!"

पायरीवर बसून तिनं प्लास्टिकच्या नळकांड्याला निळा पंप लावला आणि मास्क मिरेनच्या तोंडावर धरला. "ये गं माझी वाघीण. हा एक दाबला. आता हळूहळू पाच श्वास." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा वेळा दाबूनही अशीच राहिली, तर रुग्णवाहिका."

सहाव्याला शिट्टी बारीक झाली. दहाव्यानंतर मिरेननं विचारलं, "बिस्कीट आहे?"

मग सेंगा खोलीत जाऊन आली. "काय घासलंस, पोरी?"

"फार घाण दिसत होतं."

"अगं, ते बघायलाच तर आले होते मी! न पाहिलेलं मी लिहीत नाही. एकदा लिहिलं, की पुढच्या पोरांच्या वेळी माझा शब्द कोण मानेल?"

"आमच्या वेळी पाहुणी यायच्या आधी घर साफ करायचे," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या वेळी पोरं खोकतच मोठी व्हायची, नेटा. जी व्हायची ती."

सासूबाई फडकं पिळायला लागल्या.

"तीन आठवड्यांत परत येईल बुरशी," सेंगा मला म्हणाली. "पोरीला बाहेरच्या खोलीत झोपव, हे दार बंद ठेव, भिंतीला हात लावू नकोस. तिसऱ्या गुरुवारी मी पुन्हा येते."

मी रोज एकदा आत जाऊन बघायचे. पाचव्या दिवशी ठिपके आले. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

तिसऱ्या सोमवारी सासूबाई पुन्हा बादली घेऊन आल्या. "वाढवतेयस तू हे? पोटच्या पोरीच्या घरात?"

"गुरुवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मी दारात आडवी उभी राहिले.

"शी!" त्या म्हणाल्या. माझ्याही तोंडात तेच होतं. पण मी हलले नाही.

गुरुवारी सेंगानं भिंतीला मोजपट्टी लावून आठ फोटो काढले. "छान आलीय," ती म्हणाली. तिनं आणि मी, दोघींनीही तोंडं फिरवली. मग जिन्यात बसून तिनं अहवाल लिहिला आणि मी तो शब्दन् शब्द तपासला.