सात नंबरची गँग

कोंडाबाईनं जन्मात पहिल्यांदा तिकीट काढून पिक्चर पाहिला तो शहाण्णव साली, घोडेगावात, भिमाजीच्या व्हिडिओ सेंटरमध्ये. आणि तोही इंग्रजी. हौस म्हणाल तर अजिबात नव्हती. बाजारात हिरडा विकून ती डोंगराकडच्या एसटीसाठी निघाली होती, तेवढ्यात भिमाजी भोंग्यावर ओरडला, "गँग बघा, गँग, अमेरिकेची खतरनाक गँग." बाईचे पाय तिथंच थबकले. तिचा एकुलता एक गोकुळ गँगमध्ये गेला होता.

तसं त्यानंच कळवलं होतं. महिन्यापूर्वी कर्जतहून पत्र आलं. वाचायला शेजारचा भिका. शिक्षण चौथी आणि तोरा मामलेदाराचा. "आई, मला गँगमध्ये घेतलं. सात नंबरची गँग. मुकादम लई कडक आहे. हातोडा मिळाला." एवढं वाचून भिकानं मान वर केली. "कोंडाबाय, पोरगं हातचं गेलं. गँगवाले सुपारी घिऊन मानसं मारत्यात." ओटीवर चार बायका बसलेल्या. बाईनं पत्र हिसकावलं, कमरेच्या पिशवीत कोंबलं आणि पुन्हा कुणाला दाखवलं नाही. महिनाभर तिला घास गोड लागला नाही. उत्तरही धाडलं नाही. खुनी पोराला लिहायचं तरी काय, तुम्हीच सांगा.

तर गँग म्हणजे असते तरी कशी, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती आत शिरली. सगळे बाप्येच. बाकावरच्या दोघांनी मुकाट सरकून जागा दिली. टीव्हीवरची गोरी माणसं इंग्रजीत भांडत होती आणि भिमाजी बाजूला उभा राहून मराठीत समजावत होता. "हा म्हातारा मेन बॉस. हे पोरगं नवीन भरती." पोरगं गोकुळएवढंच, कोवळं. त्याची आई त्याला वाढायची, आणि ते ताटावरून उठून खून करायला जायचं. कोंडाबाई त्याच्या आईकडंच बघत राहिली. शेवटी बुटाला पॉलिश करून घेता घेता पोराला तीन गोळ्या लागल्या. बाईनं तोंडात पदर कोंबला.

बाप्ये उठून गेले. टीव्हीवर खालून वर नावं सरकायला लागली. एक झालं की दुसरं, संपेचनात.

"भाऊ, येवढी मेली व्हय?" कोंडाबाईनं विचारलं.

भिमाजीला हसू आलं होतं, पण बाईचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. "मेलेल्यांची न्हाईत, मावशी. पिक्चर बनवनाऱ्यांची नावं ही. कुनी कॅमेरावाला, कुनी बत्तीवाला, कुनी गाडीचा ड्रायव्हर, कुनी रंग फासनारी बाई."

"आन त्ये पोरगं?"

"लाल रंग धुतला आन गेलं घरी. खोटं खोटं असतंय सगळं."

"जेवलं आसंल?"

"जेवलं आसंल की."

त्या आईचं पोरगं जेवलं म्हटल्यावर कोंडाबाईचा बांध फुटला. "माजं तर खऱ्या गँगमधी हाय रं," म्हणाली आणि पत्र काढून त्याच्या हातात दिलं.

भिमाजीनं पहिल्या चार ओळी वाचल्या. "मावशी, आवो, ही रेल्वेची गँग. रूळ तपासायचे, खिळे ठोकायचे. माजा मेव्हणा त्यातच हाय, कर्जतला. सरकारी नोकरी लागलीय तुमच्या पोराला."

"आन हातोडा?"

"खिळ्यांसाठी."

"मानसांवर न्हाई?"

"न्हाई, मावशी."

हेच तिनं तीनदा विचारलं. आता सगळ्या आंबेगाव तालुक्यात रूळ नाही, शेजारच्या जुन्नरात नाही. त्या बिचारीनं आगगाडी बघितली कुठं होती? आणि भिकानं तरी कुठं बघितली होती मेल्यानं? पण अक्कल मात्र पाजळली. कोंडाबाईच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की ती रडतेय का हसतेय हे तिचं तिलाच कळेना. भिमाजीनं पाणी दिलं. ते ती घटाघटा प्यायली.

"पुढचं वाचू का?" भिमाजीनं विचारलं.

"पुढं हाय अजून?"

"'आई, भातलावणीला चार दिवस सुट्टी मिळंल. तुला न सांगता निघून आलो, तुझा राग गेला नसंल. घरी येऊ का? तुझं पत्र आल्याशिवाय येणार नाही.'"

बाईचं तोंड एवढंसं झालं. लावणी तोंडावर आली होती आणि पोरगं महिनाभर तिकडं टपालाची वाट बघत होतं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, पण ती हलली नाही.

"कारड हाय का तुझ्याकडं? लिव्ह."

भिमाजीनं गल्ल्यातून एक कोरं कार्ड काढलं, पत्ता घातला. "काय लिहू?"

"ये म्हनून लिव्ह."

त्यानं लिहिलं. "झालं."

"झालं? कितीसं लिवलंस?"

"एकच अक्षर हाय, मावशी. 'ये'."

कोंडाबाईनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि त्याच्यापुढं परत सरकवलं. "मोठं काढ," ती म्हणाली. "सगळं कारड भरू दे."