दहा ब्रेक आणि एक मागणी

शुक्रवारची नमाज आटोपून अख्खं अम्मान जेवायला बसलं होतं, आणि आपला कुतैबा बयादरच्या गॅरेजात लाल गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. दोन माणसांची बुटकी जपानी गाडी. पाच वर्षं पोटाला चिमटा काढून घेतलेली. तिला आज नव्या कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि चारी चाकांना नवे ब्रेक लागत होते. सामान तीन आठवडे बंदरात अडकलेलं, ते सुटलं नेमकं काल. आणि आज चार वाजता मादबाला रुबाच्या घरी मागणी घालायला जायचं होतं!

रुबाचा बाप अबू सनद. तीस वर्षं अकाब्याच्या घाटात तेलाचा टँकर चालवलेला माणूस. दोन स्थळं त्यानं दारातूनच परतवून लावलेली. रुबानं कुतैबाला बजावलं होतं, "बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला. एकच डाव आहे, नीट खेळ."

गॅरेजवाला वारूजान उस्ताद, म्हातारा अर्मेनियन, हात पुसत उठला. "ऐक, गाढवा. शंभरच्या वेगावरून वीसवर येईस्तोवर दणकून ब्रेक दाबायचा. असं दहा वेळा. पण मधे कुठं उभं राहायचं नाही. मग पंधरा मिनिटं नुसती हिंडवायची, वारा लागू दे. तापलेला ब्रेक दाबून उभा राहिलास तर लायनरचा ठसा उमटतो डिस्कवर. मग जन्मभर स्टिअरिंग थरथरतंय माझ्या हातासारखं."

"आणि नाहीच केलं हे?"

"मग आज ब्रेक धरणार नाहीत. सासऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन थांबशील."

कुतैबानं मनात म्हटलं, मादबा अर्ध्या तासाच्या वाटेवर. जाता जाता उरकू.

इथंच त्याचं गणित चुकलं. कारण मागणीचं बोलणं करायला येणार होते हाजी दैफल्ला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, घराण्यातले सगळ्यात वडील. आजवर एकशे चाळीस घरी मुली मागितल्या, एकदा रिकाम्या हातानं परतले नाहीत. आणि बोलणारा माणूस नवऱ्या मुलाच्या शेजारी बसणार, हे त्यांनीच ठरवून टाकलेलं. त्यांना नाही कोण म्हणणार?

दोघा पुतण्यांनी हाजींना घडी घालून आत बसवलं.

"पोरा, सीट कुठंय?"

"तुम्ही बसलात तीच, हाजी."

"मला वाटलं रस्त्यावरच बसलोय."

गाडी निघाली. मागं चुलते, मामे, मेहुणे, चौदा गाड्या घेऊन. नव्या स्प्रिंगा म्हणजे नुसता दगड. हाजी दात धरून म्हणाले, "या रस्त्यावर कुणी भोपळ्याची बी फोडून टरफल टाकलं असेल ना, तर मी सांगतो खारट होतं का अळणी."

विमानतळाचा मोठा रस्ता लागला. "हाजी, जरा धरून बसा."

"कशाला धरू? इथं धरायला..."

कुतैबानं ब्रेक दाबला. हाजींच्या डोक्यावरचं काळं कडं रुमालासकट नाकावर आलं. मागं चौदा गाड्यांनी करकचून ब्रेक दाबले. चुलत्यांना वाटलं, पोरगं खुशीत आलंय, म्हणून सगळ्यांनी भोंगे वाजवले. परत वेग, परत ब्रेक, परत भोंगे. चौथ्या खेपेला हाजी कलमा पढायला लागले. सहाव्याला म्हणाले, "पोरा, मुलगी नको असेल तर तोंडानं सांग. मला मारून लग्न टाळू नकोस."

"हाजी, ब्रेक बसवतोय."

"ब्रेक बसतोय, पण मी उठतोय!"

मधेच विमानतळाची गर्दी लागली आणि खोळंबा झाला. दहावा ब्रेक दाबला तेव्हा मादबाची वेस आली होती. रुबाचं घर तिथून तीन मिनिटं. ब्रेकचा जळका वास गाडीत भरलेला. पंधरा मिनिटं कुठून आणायची? त्यानं वेग कमी करून मागच्या गाड्यांना पुढं जाऊ दिलं.

चौदा गाड्या अबू सनदच्या दाराशी लागल्या. अंगावरचे लांब झगे सारखे करत माणसं दोन रांगांत उभी राहिली. अबू सनद उंबऱ्यावर आला. आणि नवऱ्या मुलाची लाल गाडी सगळ्यांच्या समोरून, दारातल्या स्पीडब्रेकरवर धाडकन आपटून, पुढं निघून गेली.

"घर गेलं की रे मागं!" हाजी ओरडले.

"एक चक्कर मारू, हाजी. थांबलं तर ब्रेक नासतील."

"आणि नाही थांबलं तर लग्न नासेल, त्याचं काय?"

दुसऱ्या फेरीला हाजींनी काच खाली केली. एकशे चाळीस घरांचा अनुभव होता, वेळ वाया घालवणारा माणूस नाही. गाडी दारासमोर आली तसं त्यांनी सुरू केलं, "अबू सनद, आम्ही तुमच्या दारी..." धाड! बाकीचं बोलणं कोपऱ्यापलीकडं गेलं. तिसऱ्या फेरीला, "...तुमच्या खानदानाची कीर्ती ऐकून..." धाड! चौथ्या फेरीला नुसतंच "आई गं!"

कुतैबाचा फोन वाजला. वरच्या खिडकीतून रुबा बोलत होती. "घाण्याच्या बैलासारखा काय फिरतोयस? बाबा आत निघाले!"

ब्रेकपायी कुतैबाचा आठ महिन्यांचा ओव्हरटाइम गेला होता. जाऊ दे तिच्यायला. थरथरू दे स्टिअरिंग जन्मभर. त्यानं दारासमोर ब्रेक दाबला आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी जागेवर उभी केली.

अबू सनद मागं वळला. खाली उतरला, गाडीपाशी आला, वाकला. हवेत नाक ओढलं.

"ब्रेक नवे?"

"हो, काका."

"किती वेळा दाबलेस?"

"दहा."

"मग मूर्खा, पाय अजून ब्रेकवर का? काढ! हँडब्रेक ओढशील तर याद राख!" आणि रांगेकडं वळून ओरडला, "बघता काय? ढकला! पुढं दोन पावलं, मागं दोन पावलं. चाक एका जागी राहता कामा नये!"

तीस प्रतिष्ठित माणसं. दोन माजी नगरसेवक, एक शाळेचा हेडमास्तर. सगळ्यांनी झगे कमरेला खोचले आणि लाल गाडीला हात लावला. पुढं, मागं. पुढं, मागं. हाजी आतच. त्यांना बाहेर काढायला सवड कुणाला होती?

अबू सनद कॉफीचा पेला घेऊन गाडीच्या खिडकीशी चालत होता. हाजींनी रिवाजाप्रमाणं पेला घेतला, ओठाला लावला नाही. "तुमची रुबा आमच्या कुतैबाला द्या. हो म्हणाल तरच ही कॉफी पिईन," म्हणाले. गाडी मागं गेली, अर्धी कॉफी दाढीवर सांडली.

"पोरगं अडाणी आहे," अबू सनद म्हणाला. "माझ्या दारी मागायला येतंय आणि मुलीच्या बापाला ताटकळत ठेवून चकरा मारतंय. पण माझ्यासोबत टँकरवर तीस वर्षांत अकरा क्लीनर झाले. तापलेल्या ब्रेकची काळजी एकालाही नव्हती. ज्याला वस्तूची इतकी कणव, तो माणसालाही जपेल. आणि शेवटी मुलीसाठी ती कणवही सोडून थांबला." त्यानं कुतैबाकडं बोट केलं. "या स्प्रिंगा मात्र काढ. माझी पोरगी यात बसायची नाही."

"अर्ध्या काढतो, काका."

"सगळ्या!"

"सगळ्या."

"मग दिली. प्या, हाजी."

हाजींनी उरलेला घोट घेतला. "सोयरीक पक्की, फातिहा पढा," ते म्हणाले. तीस जणांनी गाडीवरचे हात काढून दुवेला वर केले. कुतैबानंही केले. अबू सनदनंही केले.

गल्लीला उतार होता.

गाडी हळूच निघाली, अगदी अदबीनं. हाजी डोळे मिटून पढत होते. कुतैबाला वाटलं, मन भरून आलं की असंच हलल्यासारखं होत असावं. मागं कुणी काही बोललं नाही, फातिहाच्या मधे बोलणार कसं? फक्त वरच्या खिडकीतून रुबा किंचाळली, "ब्रेक!"

कुतैबानं दाबला. गाडी वाण्याच्या दुकानासमोर, कांद्याच्या पोत्याचा मुका घेऊन उभी राहिली.

हाजींनी "आमीन" म्हटलं, तोंडावरून हात फिरवला आणि डोळे उघडले. बाहेर वाणी तराजू हातात घेऊन थिजला होता.

"यांचीही मुलगी मागायची होती का?" हाजी म्हणाले.