भिंतीपलीकडची ऊबदार माती

मित्रांनो, टोरंटो शहरातून वाहणाऱ्या डॉन नदीतली मी एक जुनी, चावरी कासवीण आहे. चावरी म्हणतात, कारण माझं कवच तोकडं. इतर कासवांसारखं मला डोकं आत ओढून घेता येत नाही. म्हणून जमिनीवर कुणी जवळ आलं की मी जबडा वासते.

माझा जन्म काठावरच्या वाळूत झाला. तेव्हा नदीला तेलाचा वास यायचा, पण काठाला वाळुंजाची झाडं होती, पाणकणसं होती, बगळे होते. मेलेले मासे खाऊन मी पाणी साफ ठेवलं. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही. उलट पुलावरून दगड मात्र आले.

मग पुराच्या भीतीने काठाला भिंत बांधली आणि माझी वाळू गेली. त्या जूनमध्ये पोटात अंडी घेऊन मी भिंतीवर नखं घासत हिंडले. खाणं सुचेना, एका जागी राहवेना. अंडी पाण्यात पडली तर मरतात, मित्रांनो! शेवटी भिंत संपते तिथून वर चढले. रस्त्यापलीकडे रेल्वेरुळांच्या भरावाचा उतार होता, आणि तिथून तापलेल्या मातीचा वास येत होता.

अर्ध्या वाटेत एका सायकलवाल्याने मला मागून उचललं. "चुकलीस का, आजीबाई? चल घरी," असं मायेनं म्हणत त्याने मला पुन्हा नदीत सोडलं. सगळी चढण वाया!

दुसऱ्या दिवशी परत निघाले. रस्त्याच्या मधोमध पोचले तोच एक गाडी करकचून थांबली. मर्व्हा नावाच्या एक बाई आणि त्यांचा नवरा क्लिफ्टन उतरले. दोघं सहलीला निघाले होते.

"हात नको लावूस गं, बोट तोडेल ती!" क्लिफ्टन ओरडला.

"मग गाडीतली पायाखालची चटई काढ. ओढत नेऊ."

"नदी इकडे आहे, मर्व्हा."

"तिचं तोंड कुठे आहे? तिकडेच न्यायचं. तू कामाला निघालास आणि कुणी उचलून घरी आणून टाकलं तर?"

"मी त्याचे पाय धरीन!"

मागे भोंगे वाजू लागले. "वाजवू देत," बाई म्हणाल्या, "त्यांना कुठे अंडी घालायचीत!"

मी चटईचा कोपरा फाडला, तरी त्यांनी मला पलीकडे नेलं. मी खड्डा खणला, अंडी घातली, माती लोटली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. रात्री हिंडणारे रॅकून प्राणी असा खड्डा उकरून अंडी फस्त करतात. तेवढ्यात, लांबून पाहत थांबलेल्या क्लिफ्टनने गाडीतून मांस भाजायची जाळी आणली आणि चार दगडांवर, पिल्लांपुरती फट सोडून, घट्ट बसवली.

"आणि कोंबडी कशावर भाजायची?" मर्व्हाबाई.

"आज पाव खाऊ."

मित्रांनो, काठ बांधताना आमच्यासाठी थोडी माती उघडी ठेवा. आणि वाटेत आम्ही भेटलो, तर आमचं तोंड कुठे आहे ते आधी पाहा.

पानं पिवळी पडू लागली तेव्हा वाळुंजाच्या मुळांत नाण्याएवढं एक पिल्लू माझ्या नाकासमोरून गेलं. कुणाचं, ते आम्हाला कधीच कळत नाही. हलेल ते गिळायची माझी सवय. त्या दिवशी मात्र मी तोंड मिटून घेतलं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत हलले नाही.