साल वाहणारा सेनिसो

मित्रांनो, मी एक जुने खेचर आहे. म्हातारा म्हणत नाही, कारण आमच्या मळ्यात जनावर म्हातारे होत नाही, जुने होते.

राखेच्या रंगाचा म्हणून माझे नाव सेनिसो. दोन वर्षांचा असताना गिल्बेर्तो मालकाने मला विकत घेतले, डोळ्यांवर गोणपाट बांधले आणि पाठीवर दगड लादून तीन दिवस चढणीवर चालवले. चौथ्या दिवशी दगडांच्या जागी कॉफीची फळे आली. मला वाटले, सुटलो.

पिकलेली लाल फळे मी आणि माझा काळाभोर सोबती तिंतो खाली यंत्रघरात न्यायचो. यंत्र फळ सोलायचे. बी वाळून जहाजाने दूर देशी जायची. साल मात्र आमच्या पाठीवर यायची आणि ओढ्यात पडायची. तिचे पाणी खोगिराखाली झिरपून जखमेत जाई, तेव्हा आग आग होई. ओढ्याला आंबूस घाण सुटे, मासे पोट वर करून तरंगत. खालच्या वाडीची माणसे तक्रार घेऊन आली, की मालक त्यांना गूळपाणी पाजून परत पाठवी.

यंत्रघरात साल उपसायला ओतिलिया होती. तिला नवरा नव्हता, मूल नव्हते. हात कोपरापर्यंत तपकिरी पडलेले. एकदा सालीचा एक जुना, विसरलेला ढीग उपसताना तिला आत काळी भुसभुशीत माती आणि लाल गांडुळे दिसली. ती कितीतरी वेळ तिथेच उकिडवी बसून राहिली. मग तिने मालकाकडे साल मागितली आणि थोडी जागा मागितली.

मालकाने वरचा उतार दाखवला. तिथली माती कधीच वाहून गेली होती, नुसता मुरूम उरला होता.

"घे तो," मालक म्हणाला. "तुझ्यासारखाच आहे. काही उगवत नाही त्याच्यावर."

यंत्रघरातली माणसे हसली. ओतिलियाने टोपली उचलली आणि पुन्हा साल उपसू लागली.

तिने बांबूच्या पेट्या केल्या, वर केळीची पाने अंथरली. ताजी साल कुजताना तापते, म्हणून ती आधी पंधरवडाभर निववायची, मगच गांडुळांपुढे टाकायची, हे ती दोनदा गांडुळे मेल्यावर शिकली. बाकीचे जेवायला बसत तेव्हा ती मला घेऊन उतारावर जायची. एक पोते स्वतःच्या पाठीवर घ्यायची. तिने मला कधी मारले नाही. जखमेवर चरबी लावायची. लोक तिला गांडुळीण म्हणत, आणि वास येतो म्हणून तिची ताटली दाराबाहेर ठेवत.

गांडुळांनी केलेले खत घालून तिने उतारावर कॉफीची रोपे लावली. चौथ्या वर्षी त्या मुरमावरची कॉफी अख्ख्या मळ्यात सरस आली. शेतकरी संघाचे लोक पाहायला आले. त्यांनी ते काळे खत मुठीत घेऊन हुंगले. फोटो काढायचे ठरले, तेव्हा माझ्या गळ्यात फुले घातली गेली. मालक माझा लगाम धरून उभा राहिला. ओतिलियाही हात पुसून शेजारी येऊन उभी राहिली.

"ओतिलिया, पाहुण्यांसाठी कॉफी ठेव," मालक म्हणाला.

ती कॉफी घेऊन येईपर्यंत फोटो काढून झाला होता.

त्याच आठवड्यात मालकाने पेट्या खाली आणवल्या. साल त्याची, उतार त्याचा, खेचर त्याचे, असे त्याने तिला समजावून सांगितले. आवाजसुद्धा चढवला नाही.

"पण गांडुळं मी वाढवलीत, मालक."

"मग घेऊन जा की. नीट मोजून घे, माझं एखादं येईल त्यात."

ती खालच्या वाडीत बहिणीकडे निघून गेली.

मालकाला आता सालीचे वेड लागले. कॉफी वाळवायच्या भट्टीत लाकडाऐवजी टरफले जळू लागली. मग त्याची नजर आमच्या गव्हाणीवर गेली. कुठेतरी गुरांना साल चारतात, असे त्याने ऐकले होते. आमचे गवत आणि उसाचे वाढे बंद झाले. पुढ्यात आंबलेली, बुरशी धरलेली साल आली. आम्ही तोंड फिरवले. दोन दिवस दुसरे काहीच मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी तिंतोने पोटभर खाल्ली. मी थोडी खाल्ली.

तिंतोचे पोट फुगले. तो लोळे, उठे, वळून स्वतःच्या पोटाकडे पाही. वाडीत कळले तशी ओतिलिया चढण चढून आली. ती म्हणाली, गाईलासुद्धा साल मळीत मुरवून, गवतात मूठभर मिसळून देतात. खेचराला तर देऊच नये. आता त्याला बसू देऊ नका, चालवत राहा.

"गांडुळांची डॉक्टरीण झालीस," मालक म्हणाला, "आता खेचरांची व्हायचंय?"

गड्यांनी तिला फाटकाबाहेर काढले. तिंतो दुपारपर्यंत ओरडत होता. मग गप्प झाला. त्याला ओढून न्यायची दोरी माझ्याच खोगिराला बांधली. आणि मित्रांनो, मी ओढले. चाबूक न खाताच ओढले. सवय होती. त्याला खड्ड्यात लोटून वर साल पसरली. वर्षभराने त्याचेही खत झाले.

मालकाला शिक्षा झाली असेल, असे तुम्हाला वाटेल. झाली नाही. साल निववायची रीत गड्यांनी ओतिलियाचे पाहून उचललेली होतीच. खताची पोती शहरात जाऊ लागली. पोत्यावर माझे चित्र छापले आहे, गळ्यात फुले घातलेले. ओढा स्वच्छ झाला, मासे परतले, मालकाला बक्षीस मिळाले. ओतिलिया त्याच स्वच्छ ओढ्यावर दुसऱ्यांची धुणी धुते.

परवा खाटीक आला. त्याने माझ्या मांड्या चाचपल्या. मालकाने त्याला सांगितले, की मांस आणि कातडे तुझे, हाडांचा चुरा मात्र मला हवा, रोपांना घालायला. शनिवारचे ठरले आहे.

मित्रांनो, साल फेकू नका, ओढा घाण करू नका. हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळे आहे. जे तुमच्यासाठी राबते, मग ते माणूस असो की जनावर, त्याला त्याचा घास आणि त्याचे श्रेय ते उभे असतानाच द्या.

मी शनिवारपर्यंत उभा आहे.