तिसऱ्या दिवशीची परीक्षा

लातूर जिल्हा झाला आणि लगेच पावसानं पाठ फिरवली. कचेऱ्यांच्या नव्या पाट्यांचा रंग ओला होता, विहिरी मात्र तळाला गेल्या होत्या. त्याच वर्षी लातूरच्या एका कॉलेजानं हुशार मुलांसाठी ऑनर्सचा वर्ग काढला. बी.ए.च्या नेहमीच्या अभ्यासाशिवाय प्रत्येकानं स्वतःचा एक विषय घ्यायचा, वर्षभर हिंडून तो तपासायचा आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे उभं राहून मांडायचा. परीक्षक एकदाच येणार. त्या दिवशी जो गैरहजर, त्याला ऑनर्स नाही.

रेणापूरच्या गुरुपादप्पांची रुद्राणी त्या वर्गातली एकुलती एक मुलगी. गुरुपादप्पांचं किराण्याचं आणि भांड्यांचं दुकान होतं. मीठ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा पोरीचं ऑनर्स ऐकून घेतल्याशिवाय पुडी मिळत नसे. रुद्राणीनं विषयही बाजाराचाच घेतला होता. दुष्काळात घरातलं आधी काय विकलं जातं आणि शेवटी काय? त्यासाठी वर्षभर ती आठवडी बाजारांत शेळ्यांच्या, बैलांच्या आणि जुन्या भांड्यांच्या ओळीतून फिरली.

परीक्षा अगदी तोंडावर असताना गुरुपादप्पांच्या छातीत कळ आली आणि ते दुकानातच गेले. घरच्यांनी लिंगायत रीतीप्रमाणे शेतात त्यांना बसवून समाधी दिली.

दुसऱ्या दिवशी ऑनर्सचा वर्ग चालवणारे किशनराव सर भेटायला आले. ते मूळचे कंधारचे, शेतकरी घरातले. या घरात चूल पेटलेली पाहूनच ते बिचकले. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. रुद्राणीची आई बसम्मा हिच्यासमोर ते बसले आणि रुद्राणीला म्हणाले की, तू काळजी करू नकोस, सुतकात तुला ओढाताण नको म्हणून मी सकाळीच उद्याच्या परीक्षेच्या यादीतून तुझं नाव काढायला सांगितलं आहे. पदवी कुठे जात नाही. फक्त ऑनर्स राहून जाईल.

रुद्राणीला रागावताही येईना. सरांच्या घरी तेरा दिवस माणसं देवळाची पायरी चढत नसत. मायेपोटीच त्यांनी तिचं वर्ष पुसून टाकलं होतं.

बसम्मानं मान वर केली. "आमच्यात सुतक न्हाई, सर."

सरांना कळेना.

"माणूस गेलं तरी आमची लिंगपूजा चुकत न्हाई. मग परीक्षा कशानं चुकंल?"

"मी आधी विचारायला पाहिजे होतं," सर एवढंच म्हणाले, निवलेला चहा एका घोटात प्यायले आणि मिळेल त्या बसनं लातूरला परतले.

शेजारची केवळाबाई दारातून सगळं ऐकत होती. तिनं टोमणा मारलाच. "बापाची माती वली हाय अन् पोरगी लातूरला?"

"तू घर राख," बसम्मा म्हणाली. "मी बी चाललेय तिच्यासंगं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी समाधीची पूजा केली आणि कपाळावरच्या विभूतीसह बस धरली. सरांनी प्राचार्यांपुढे स्वतःची चूक कबूल करून रुद्राणीचं नाव यादीत शेवटी पुन्हा घालून घेतलं होतं.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा ऊन खिडकीतून पार आत आलं होतं. सुरुवातीला आवाज कापला. शेळ्यांपाशी तो सावरला, भांड्यांपाशी पोचला तेव्हा नेहमीचा झाला होता. बोलणं संपल्यावर नांदेडहून आलेल्या परीक्षक तारामतीबाईंनी समोरचे कागद मिटले. घरी काय घडलं आहे ते आपल्याला कळलं आहे, असं सांगून त्या हळुवारपणे म्हणाल्या, "प्रश्न राहू देत. आमचं समाधान झालंय."

दिवसभर बाकीच्या मुलांना त्यांनी घाम फोडला होता.

"बाई, विचारा," रुद्राणी म्हणाली. "सगळ्यांना विचारले तसे."

तारामतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कागद पुन्हा उघडले. "तुम्ही बाजारात विकणाऱ्यांना भेटलात. ज्यांच्याकडे विकायलाच काही नव्हतं, ते बाजारात येणार नाहीत. ते कुठं आहेत तुमच्या अभ्यासात?"

"नाहीत. तेवढा माझा अभ्यास अपुरा आहे."

"आणि घेणारे कोण होते?"

इथं रुद्राणी थांबली. हिवाळ्यात वडिलांनीच तिला दुकानात समोर बसवलं होतं. सगळ्यांना विचारतेस, मग मला का नाही, म्हणाले होते. गादीवर परक्यासारखे बसून त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. लोकांच्या घागरी, पराती आपण कशा पडेल भावात घेतल्या तेही सांगितलं होतं, आणि उठताना बजावलं होतं, आपलं नाव गाळू नको.

"व्यापारी," ती म्हणाली. "रेणापुरात गुरुपादप्पांचं दुकान. माझे वडील. त्यांनी दिलेली माहिती नावानिशी जोडली आहे."

मग प्रश्न थांबलेच नाहीत. भाव कोण ठरवायचं, बायकांना विचारून विकलं जायचं का, वस्तू परत सोडवता यायची का. शिपाई खिडक्या लावायला आला आणि तसाच परत गेला. रुद्राणीनं काही उत्तरं दिली, दोन ठिकाणी ठाऊक नाही म्हणाली, एका ठिकाणी वाद घातला.

संध्याकाळी किशनराव सरांनी ऑनर्स मिळालेल्यांची नावं वाचली. रुद्राणीचं नाव वाचताना त्यांचा आवाज उगीचच चढला.

बसम्मा दाराजवळच्या बाकावर बसली होती. तारामतीबाई बाहेर पडताना तिच्यापाशी थांबल्या. "तुम्ही रुद्राणीच्या आई का?"

"हाव," बसम्मा उभी राहिली. पदर नीट केला. "अन् ते भांडे घेणारं दुकान बी आमचंच."